घाट, सायकल आणि वाटाड्या

मराठीत घाट हा शब्द फार कामाचा आहे. नदीकाठच्या पायऱ्यांना आपण घाट म्हणतो, भांड्याच्या आकाराला घाट म्हणतो, आणि कुणी एखादा बेत मनात धरला की त्याने ‘घाट घातला’ असेही म्हणतो. पण घाट म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढे उभी राहते ती डोंगर चढणारी, वळणावळणाची वाट. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात तर माणसाची ओळखच ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ अशी सांगतात. जुन्या काळी वऱ्हाडाचे बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग मानीत, तेही याच डोंगराच्या कडेवरून. पीक, पाणी, बोलीचे हेल, घाटाच्या एका अंगाला एक तर दुसऱ्या अंगाला निराळे!

हा डोंगर म्हणजे अजिंठ्याची रांग. तिच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस गोदावरीला मिळतो आणि उत्तर उतारावरचा तापीला. आमचा जालना जिल्हा या रांगेच्या दक्षिणेला. जिल्हा म्हणून त्याचे वय लहान. १ मे १९८१ रोजी तो जन्मला. पण जालना शहर पुष्कळ जुने. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. आता जालन्यात काही सोन्याच्या खाणी नाहीत. या पाळण्यातले सोने बैलांच्या पाठीवरून घाट चढून आले, आणि ते न्यायला जे आले तेही कुठला ना कुठला घाट ओलांडूनच आले. म्हणून जालन्याचा इतिहास शिकवायचा तर घाटापासून सुरुवात करावी, असे मला वर्गात उभा राहून नेहमी वाटत आले आहे.

आणि घाट समजून घ्यायचा असेल तर सायकलीसारखे वाहन नाही.

मोटारीतून घाट कळत नाही. चालक गिअर बदलतो, दोन मुलांना मळमळते, आजीबाई लिंबू हुंगतात आणि घाट संपतो. सायकलवाल्याला मात्र तो हाताहाताने मोजून घ्यावा लागतो. आपली साधी, काळी, दांडीची सायकल घ्या. तिचे चाक अठ्ठावीस इंची. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असले, तर पायडल एकदा फिरल्यावर ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. घाटाचा चढ विसास एक, म्हणजे वीस हात गेल्यावर एक हात वर, असा धरला तर प्रत्येक पायडलाला आपण अर्ध्या हाताहून थोडे अधिक, म्हणजे सत्तावीस सेंटीमीटर वर चढतो. जिन्याची दीड पायरी! माणूस आणि सायकल मिळून ऐंशी-नव्वद किलोंचे ओझे दर पायडलाला दीड पायरी उचलायचे, आणि असे हजारो वेळा. मग छाती भात्यासारखी चालते आणि डोके आपोआप खाली जाते. डोके खाली गेले की रस्ता दिसू लागतो. तो कुणी आखला, इथेच का वळवला, याआधी इथून कोण गेले, असले प्रश्न त्या वेळी सुचतात.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी आणि आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक असे दोघे जालन्याहून सायकलींवर अजिंठ्याला गेलो. वाट राजूरच्या गणपतीवरून भोकरदनला, तिथून सिल्लोड, आणि मग अजिंठा गावापुढचा घाट उतरून फर्दापूरला. कपाशीची वेचणी चालली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरे रान आणि मध्ये आम्ही दोन काळे ठिपके. त्या प्रवासात जे मनात घोळले, ते पुढे पुस्तकांतून पडताळून पाहिले. त्याचीच ही हकीकत आहे.

*

भोकरदन हे आज तालुक्याचे साधे गाव. पण केळना नदीच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनचे लोक आहेत. येथून सांचीपर्यंत जायचे म्हणजे अजिंठ्याची रांग, तापी, सातपुडा, नर्मदा आणि विंध्य एवढे ओलांडायचे! ज्यांना दानाला पैसा होता त्यांचा व्यापार त्याच वाटेने चालत असला पाहिजे. १९७३ च्या सुमारास येथे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहन काळातले वैभव मातीखालून वर आले. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली, भंगलेली. तिच्या तोंडवळ्याची एक मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई नगरीच्या अवशेषांत सापडलेली आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्याआधीच या धाटणीचे हस्तिदंती काम घाट उतरून, बंदर गाठून, समुद्र ओलांडून रोमन माणसाच्या घरी पोचले होते.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची पुस्तिका लिहून ठेवली आहे. तीत पैठण आहे, तेर आहे. पैठण हे भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे तो सांगतो, आणि माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून येतो असेही नोंदवतो. त्याच्याही आधीची आठवण सुत्तनिपात या पाली ग्रंथात आहे. गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धाला भेटायला उत्तरेकडे निघाले. त्यांच्या वाटेवरची गावे ग्रंथाने क्रमाने दिली आहेत: प्रतिष्ठान म्हणजे पैठण, मग माहिष्मती, मग उज्जयिनी, विदिशा, आणि पुढे मगधापर्यंत. पैठण आणि माहिष्मती यांच्या मध्ये आमचा डोंगर आडवा पडला आहे. त्या सोळा जणांना डोंगर उतरण्याची वाट कुणीतरी दाखवली असेल. सोळाही शिष्यांची नावे ग्रंथात आहेत. वाट दाखवणाऱ्याचे नाही.

भोकरदनच्या चौकात चहा पिता पिता मी हे माझ्या सोबत्याला सांगितले. तो चित्रकार माणूस. म्हणाला, “चित्रातसुद्धा वाट दाखवणारा नेहमी पाठमोरा असतो. त्याचा चेहरा काढायला जागाच राहत नाही.”

*

सगळेच वाटाडे असे विसरले गेले नाहीत. एकाचे नाव महाराष्ट्र कधी विसरणार नाही, आणि त्या गोष्टीची सुरुवात जालन्याहूनच होते.

१६७९ च्या नोव्हेंबर महिन्यात शिवाजी महाराजांनी मोगलांच्या मुलखातले हे श्रीमंत व्यापारी शहर लुटले. चार दिवस लूट चालली होती. सोने, चांदी, कापड, घोडे, उंट असा मोठा ऐवज घेऊन महाराज परत फिरले. जाताना घोडदळ वाऱ्यासारखे जाते. परतताना ओझ्याचे असते. संगमनेरच्या बाजूला रणमस्तखान या मोगल सरदाराने त्यांना गाठले. मोठी लढाई झाली, आणि सिधोजी निंबाळकरांसारखा मोहरा पडला. मागून मोगलांची आणखी कुमक येत होती. पुढचे ओळखीचे रस्ते धोक्याचे झाले होते.

अशा वेळी बहिर्जी नाईक पुढे झाला. हेरांचा हा प्रमुख. त्याला डोंगरातल्या चोरवाटा हाताच्या रेषांसारख्या ठाऊक होत्या. त्याने महाराजांना आडरानातून, कुणाला माहीत नसलेल्या वाटेने, तीन दिवस-तीन रात्री चालवून पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणले. महाराजांनी तिथे विश्रांती घेतली म्हणून तो किल्ला विश्रामगड झाला. जालन्याहून पट्टा सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरांच्या वर भरतो. त्यातला शेवटचा टप्पा दमलेली जनावरे आणि जखमी माणसे घेऊन, रात्रीच्या अंधारात सह्याद्रीच्या पोटात शिरायचे! सायकलीवरून दिवसाउजेडी डांबरी घाट चढताना ज्याच्या तोंडाला फेस आला आहे, त्याला त्या तीन रात्रींची किंमत थोडीफार समजते.

राज्याभिषेकाला पाच वर्षे झाली होती. आणि पुढे महाराजांना आयुष्य उरले होते अवघे पाच महिने. तो वाटाड्या चुकला असता, तर या शेवटच्या मोहिमेचा शेवट कसा झाला असता, हे मनात आणवत नाही.

*

दुसरी गोष्टही आमच्याच जिल्ह्यातली. मात्र तिच्यातला वाटाड्या फार दुर्दैवी.

१८०३ साली दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांची फौज अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात आली. त्यांच्यावर इंग्रजांच्या दोन फौजा चालून आल्या. एकीचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. दुसरीचा कर्नल स्टीव्हन्सन. २१ सप्टेंबर रोजी दोघांची गाठ बदनापूरला पडली. होय, जालन्यापलीकडचे आपले बदनापूर, जिथे आज लोक पॅसेंजर गाडीची वाट पाहत उभे असतात! तिथे ठरले की २४ तारखेला दोघांनी मिळून भोकरदनच्या बाजूला असलेल्या मराठी फौजेवर हल्ला करायचा.

बदनापूर आणि भोकरदन यांच्या मध्ये टेकड्यांची एक ओळ आहे. अजिंठ्याच्या मानाने ती काहीच नाही. सायकलीवरून जाताना चार-दोन चढांना उठून पायडल मारावे लागते इतकेच. पण तोफा, बैल, धान्याचे तांडे यांसह दोन फौजा एकाच खिंडीतून न्यायच्या तर सारा दिवस मोडला असता. शिवाय एक वाट मोकळी सोडली तर शत्रू तिने निसटला असता. म्हणून वेलस्लीने पूर्वेकडची वाट धरली आणि स्टीव्हन्सनने पश्चिमेकडची. एका चिंचोळ्या खिंडीमुळे एका फौजेच्या दोन फौजा झाल्या.

२३ तारखेला दुपारच्या आत वेलस्ली नळणीपाशी पोचला. तिथे त्याला कळले, की मराठी फौज भोकरदनला नसून अवघ्या काही मैलांवर केळनेच्या पलीकडे पसरलेली आहे. स्टीव्हन्सन लांब होता. वाट पाहावी तर शत्रू हातचा जाईल. वेलस्लीने एकट्यानेच लढायचे ठरवले. समोर कवायती पायदळ, सुमारे शंभर तोफा आणि अफाट घोडदळ. याच्याजवळ साडेचार हजार कवायती शिपाई, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार.

आता नदी ओलांडायची. त्याच्या वाटाड्यांनी सांगितले, मराठ्यांच्या तोफांसमोर आहे तेवढाच उतार, दुसरा नाही. आमच्याकडे नदी पायी ओलांडण्याच्या जागेलाही उतारच म्हणतात. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तर खालच्या अंगाला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. त्याने मनाशी म्हटले, इतक्या जवळ दोन गावे वसली आहेत, ती एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय असल्यावाचून वसायची नाहीत. माणूस पाठवून पाहिले, उतार निघाला. त्या उताराने फौज पलीकडे गेली आणि केळना व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, असईच्या शिवारात ती प्रसिद्ध लढाई झाली.

मी वर्गात ही जागा आली की थांबतो. वाटाड्यांना तो उतार खरोखर ठाऊक नव्हता, की ठाऊक असून सांगायचा नव्हता? ज्या गावकऱ्यांच्या बायका रोज त्या पाण्यातून पलीकडे जात असतील, त्यांच्या मुलखात हे गुपित कसले? पण परक्या फौजेला उतार दाखवावा असे कुणाच्या मनात का यावे, हाही प्रश्न आहेच.

लढाईत इंग्रजांचा जय झाला, पण फार महाग पडला. उजव्या बगलेच्या तुकडीचा अधिकारी ठरल्याहून भलत्याच बाजूला, थेट असई गावाच्या तोफांवर चालत गेला आणि तिथे माणसे गवतासारखी कापली गेली. इंग्रजांकडचे ४२८ जण ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाले. मराठ्यांच्या ९८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या. पुढे नेपोलियनला हरवलेल्या या सेनापतीने उतारवयातही आपल्या सर्व लढायांत असईलाच वरचे स्थान दिले.

आणि स्टीव्हन्सन? पश्चिमेकडे असलेल्या त्याला तोफांचे आवाज ऐकू आले. तो मदतीला निघाला. पण वाटाड्याने त्याची फौज भोकरदनकडे नेली, आणि असईला तो पोचला दुसऱ्या दिवशी, २४ तारखेच्या संध्याकाळी, सारे आटोपल्यावर. वाटाड्याने आपल्याला मुद्दामच फसवले, असा त्याला संशय आला. त्याने त्या माणसाला फाशी दिले.

एवढीच ती हकीकत. ज्या वृत्तांतांतून ती आपल्यापर्यंत आली त्यांत तो केवळ ‘वाटाड्या’ आहे. घोडे किती मेले ते लिहिले आहे, तोफा किती घेतल्या ते लिहिले आहे. एकदा सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, “गुरुजी, तो आपल्याच तालुक्यातला असंल का?” मी म्हणालो, “असेल. वाटाड्या जवळपासच्याच गावचा धरतात.” तो पोरगा जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग त्याला उतार ठावका असणार.” इतिहासाच्या तासाला मला मिळालेल्या उत्तरांत हे उत्तर मी फार वर ठेवतो.

*

अजिंठा गाव सोडले की जमीन एकाएकी संपते आणि घाट खाली उतरू लागतो. समोर खानदेशचा निळसर मुलूख दिसतो. असईनंतर शिंद्यांची फौज याच घाटाने खाली गेली. इंग्रजांनी आपले जखमी शिपाई अजिंठ्याच्या कोटात आणून ठेवले. आम्ही ब्रेक धरधरून फर्दापूरला उतरलो, तेव्हा रिमला हात लावला तर चटका बसला. एक रबर तर झिजून निकामी झाले होते.

दुसऱ्या दिवशी लेणी पाहिली. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातल्या एका खांबावर, जुन्या चित्रावरच, जॉन स्मिथ या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याचे नाव कोरलेले आहे; तारीख २८ एप्रिल १८१९. शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली. ती जागा त्याला तिथल्या एका गुराख्याच्या पोराने दाखवली, असे सांगतात. साहेबाचे नाव दोनशे वर्षे खांबावर आहे. पोराचे नाव खांबावरही नाही आणि कागदावरही नाही.

परतीच्या चढाला आम्ही सकाळी लवकर लागलो. चौथ्या-पाचव्या वळणावर माझा दम संपला. शेळ्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारले, “बाबा, घाट अजून किती राहिला?”

“आता काय, सरलाच की. त्या लिंबाच्या म्होरं दोन वळणं.”

त्या दोनांची आम्ही सात मोजली! पण सायकली हातात धरून निघालो तेव्हा हाच बाबा शेळ्या हाकत आमच्याबरोबर चालू लागला. डांबरी सडक मोठे वळण घेई, तिथे तो पायवाटेने सरळ वर जाई आणि पुढच्या वळणावर आमची वाट पाहत उभा राही. ती पायवाट दाखवून म्हणाला, “गाडीवाट आता झाली. लमाणांचे बैल इकडून चढायचे, असं माझा आजा सांगायचा.”

मला ते फार उपयोगी पडले. लमाणांच्या पाठाळ बैलांचे तांडे हीच त्या काळची मालगाडी. मोगलांना धान्य त्यांनी पुरवले आणि वेलस्लीच्या फौजेलाही त्यांनीच. बैलाला वळणे नकोत. चार खूर टेकायला जागा मिळाली की तो उभा चढ चढतो. पुढे तोफ आली, गाडी आली, तेव्हा चाकासाठी चढ सौम्य करावा लागला, आणि वाट लांबली. जुन्या वाटेचा चढ बैलाच्या छातीवर बेतलेला असतो, नव्या सडकेचा चाकावर. सायकलवाला चाकावर बसलेला असला तरी छाती त्याला बैलाचीच लागते.

वर पोचल्यावर मी त्या बाबाला नाव विचारले. तो म्हणाला, “नावाला काय करता गुरुजी, वाट ध्यानात ठेवा.”

*

अजिंठ्याच्या रांगेतून पश्चिमेकडे गेले की कन्नड-चाळीसगावच्या मधला घाट लागतो. त्याला आजही लोक औट्रम घाट म्हणतात. हा जेम्स औट्रम खानदेशातल्या भिल्ल पलटणीचा अधिकारी होता. ती पलटण १८२५ साली उभी राहिली. डोंगरातल्या वाटा ज्यांना ठाऊक, त्यांनाच त्या राखायला बसवायचे, ही ती युक्ती. घाटाला नाव मात्र औट्रमचे.

सह्याद्रीतल्या बोरघाटाची कथाही याच घाटणीची. मुंबई-पुण्याच्या मधला हा घाट गाड्यांना योग्य करून गव्हर्नर माल्कमने १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला. मग १८५६ पासून त्याच डोंगरात रेल्वेचे काम सुरू झाले. ते १८६३ साली पुरे झाले. पंचवीस बोगदे, सदतिसास एक असा चढ, ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले किती दगावले त्याला सुमार नाही. जुन्या घाटरस्त्यात खोपोलीच्या वर शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी, की साहेबांना डोंगर चढण्याची वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना ती दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारले, तर तो म्हणाला, आमचा देश आम्हाला परत द्या. त्यावर त्याला गोळी घातली. सरकारी कागदांत या कथेला आधार असो वा नसो, येणारे-जाणारे चालक तिथे नाणे टाकून हात जोडतात. ज्याला इतिहासाने विसरायचे ठरवले, त्याला लोकांनी देव करून ठेवले.

मुंबई-पुणे सायकल शर्यत याच घाटातून जाते. घाट सर्वांआधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. एरवी राजांची नावे पाठ न होणारी आमची पोरे या राजाविषयी मात्र मोठ्या कुतूहलाने विचारतात.

*

खुद्द सायकलीचे वय या घाटांच्या मानाने पोरवयच म्हणायचे. दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल जॉन केम्प स्टार्लीने इंग्लंडात १८८५ साली बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवेची धाव काढली. त्यानंतर लवकरच लोकांना सायकलीवरून डोंगर ओलांडायची हौस सुटली.

१९१० साली फ्रान्समधल्या ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीत पिरेनीज पर्वतातल्या उंच खिंडी प्रथमच घालायचे ठरले. त्यांतली तूरमाले ही खिंड २,११५ मीटर उंच. वाट पाहायला स्टेनेस नावाच्या माणसाला पाठवले. बर्फात त्याची मोटार अडली, तो पायी निघाला. त्याने एका मेंढपाळाच्या पोराला पैसे देऊन सोबत घेतले. अंधार पडल्यावर पोरगा परत फिरला आणि हा बर्फात भरकटला. शोधायला गेलेल्या गावकऱ्यांनी त्याला वाचवले. सकाळी या गृहस्थाने पॅरिसला तार ठोकली, की रस्ता उत्तम आहे, जायला काही हरकत नाही! त्या जुलैत ३२६ किलोमीटरांच्या एका टप्प्यात स्वारांनी ती खिंड ओलांडली. पुढल्या खिंडीवर लापीझने आयोजकांना ‘खुनी’ म्हणून शिवी हासडली. धावती सायकल चालू असताना गिअर बदलण्याची सोय या शर्यतीत १९३७ पर्यंत निषिद्ध होती. तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचे चाक काढून उलटे बसवीत. त्याच्या दुसऱ्या अंगाला जास्त दात्यांचे चक्र असे. आता पुढे-मागे सारख्या दात्यांची चक्रे जोडून एका पायडलाला दीड पायरीऐवजी जेमतेम अर्धी-पाऊण पायरी चढता येते. वेळ लागतो, पण गुडघे वाचतात.

आपल्याकडचे लोकही मागे नव्हते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी तो पुरा केला. वाळवंटे आणि हिवाळ्यातले आल्प्स पार करून सुमारे ७१ हजार किलोमीटर हिंडून ते १९२८ साली परतले. त्यांच्या मागोमाग निघालेला फ्रामरोज दावर तर सहारा आणि दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत ओलांडून १९३१ साली घरी आला. अलीकडे, २०१५ साली, नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, रॉकी पर्वतावरून जाणारी शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. अशी शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ.

एवढे पराक्रम घडले, ते पोलादी पायांनी घडले हे खरे. पण वाळवंटात विहीर दाखवणारा, बर्फात दार उघडणारा, कोणत्या फाट्याला वळायचे ते सांगणारा असा कुणीतरी प्रत्येकाला भेटलाच असणार. त्याच्यावाचून सायकल पुढे जात नाही. मोटारवाल्याला काच खाली करायचेही कारण पडत नाही, आणि आता तर हातातला मोबाइलच वाट सांगतो. सायकलवाल्याला मात्र पाणी हवे असते, सावली हवी असते, दोन धीराचे शब्द हवे असतात. त्यासाठी तो थांबतो, आणि थांबला की त्या मुलखातल्या माणसाशी बोलतो. बावरीच्या शिष्यांपासून वेलस्लीपर्यंत साऱ्यांना जे करावे लागले, ते आजही न चुकता करणारा वाटसरू मला सायकलीवरच दिसतो.

आमच्या शाळेत दर वर्षी दिवाळीच्या सुटीसाठी मी मुलांना इतिहासाचा एकच गृहपाठ देतो. आपल्या गावाहून शेजारच्या गावाला जाणारी जुनी वाट शोधायची. चालत जा नाहीतर सायकलीवरून जा. नदीचा उतार कुठे, टेकडीची खिंड कुठे, ते वहीत काढायचे. ज्या आजोबाने किंवा आजीने ती वाट दाखवली, त्यांचे नाव पानाच्या माथ्यावर, पूर्ण आणि शुद्ध लिहायचे. आजवर अशा बऱ्याच वह्या जमल्या आहेत. त्यांतली भोकरदन तालुक्यातली वही उघडली की पहिल्याच पानावर केळनेचे दोन उतार काढलेले दिसतात, आणि वर ते दाखवणाऱ्या बाईचे नाव आहे.